ऊर्फच्या पुढचं

“मावशी, ही ओळ कचरा आहे. उडवून टाकू?” असं विचारून तो माझ्याकडे बघत राहिला, बोट एंटरच्या बटणावर. बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमच्या मंडळाची खोली, रविवारची दुपार, पंख्याची घरघर आणि खालच्या लारीवरून वर येणारा सेव-उसळीच्या तर्रीचा वास. शेजारच्या आजोबांचा हा नातू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मंडळाची साइट जँगो नावाच्या, वेबसाइट बांधायच्या सामानावर चालते, ती जुन्या जँगोवरून नव्यावर न्यायची आहे म्हणून रविवार माझ्यासोबत घालवतो. हुशार आहे, हात भराभर चालतो आणि त्याचं म्हणणं तसं चुकीचंही नव्हतं. त्या ओळीचा नव्या सर्व्हरवरच्या कशाशीच मेळ बसत नव्हता. तरी मी म्हटलं, “थांब जरा.” का थांब, ते मला त्या क्षणी सांगता येईना. तो थांबला, पण ‘का’ हा प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच.

ओळ काय होती ते सांगते. डेटाबेसच्या रचनेत जो जो बदल होतो (त्याला मायग्रेशन म्हणतात), त्याची नोंद जँगो स्वतःच्या एका टेबलात ठेवतो. प्रत्येक बदलाची एक ओळ: कुठल्या भागातला बदल, त्याच्या फाइलचं नाव, आणि तो लागू केला ती वेळ. लॉगिन आणि खात्यांचं सगळं ज्या भागात असतं त्याला ‘ऑथ’ म्हणतात. त्याच्या आठ ओळी ओळखीच्या होत्या, जँगो १.११ जगात कुठेही बसवा, त्या आठ तशाच असतात. नववी अनोळखी होती. ‘०००९_ऑटो_२०१८१०१७_२३४२’. या नावाची फाइल आमच्या कोडमध्ये नव्हती आणि जँगोच्या मूळ सामानातही नव्हती. आणि आमची स्वतःची ‘०००७_समिती’ ही फाइल मात्र डोक्यावरच लिहून बसली होती की माझ्याआधी ती नववी झालेली असली पाहिजे. आधीची सापडत नाही म्हटल्यावर जँगो पुढे सरकतच नाही. नोडनॉटफाउंडएरर असा लांबलचक शब्द लाल अक्षरांत टाकतो आणि थबकतो. एकाही टेबलाला हात लावत नाही. कुठले बदल झाले, कुठले राहिले, ती यादीसुद्धा दाखवायला तयार होत नाही.

त्याचा बेत सरळ होता. समितीच्या फाइलमधला तो उल्लेख बदलून आठवीचं नाव घालायचं, आणि टेबलातली ओळ काढून टाकायची. पहिलं मला मान्य होतं. दुसऱ्याला मन घेईना.

आमच्या मंडळाचं वाचनालय जुनं आहे. मी शाळेत असताना सुट्टीत तिथे पुस्तकांना कव्हरं घालायला जायचे. तिथलं दाखल रजिस्टर म्हणजे लाल कापडी पाठीचा जाडजूड ग्रंथच, उघडला की डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास यायचा. पुस्तक हरवलं, फाटलं, कुणाच्या घरी राहून गेलं, की ग्रंथपाल बाई त्या ओळीवरून पट्टी लावून एकच रेघ ओढायच्या, शेरा लिहायच्या आणि खाली सही. त्यांचा एक दंडक होता: खोडायचं ते वाचता येईल असं खोडायचं. खोडरबर आणि ब्लेड त्यांच्या टेबलावर कधीच दिसलं नाही. मायग्रेशनचं टेबल मी पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा मला ते रजिस्टर आठवलं होतं. फरक एवढाच की इथे रेघ ओढायची सोय नाही. ओळ असते, नाहीतर नसते.

तर ही ओळ कुणीतरी कधीतरी केलेल्या एका बदलाची होती. तो बदल काय होता हे न कळता ती उडवायची, हे मला पटेना.

खरं तर त्या वेळेपर्यंत आम्ही बरंच काही निस्तरलं होतं. साइट सुरू झाली २०१६ मध्ये, जँगो १.८ वर, पुढे कुणीतरी ती १.११ वर आणली आणि तिथेच ती राहिली. १.११ चा आधार एप्रिल २०२० मध्ये संपला तरी चालतंय तोवर चालू दे, असं सगळ्यांचं झालं. मग सर्व्हरवाल्यांचं पत्र आलं की जुनं पायथन, म्हणजे जँगो ज्या भाषेत लिहिलाय तिची जुनी आवृत्ती, बंद करतोय. तेव्हा ठरवलं की १.११ वरून २.२, तिथून ३.२ आणि मग ४.२, असं एकेका दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर टेकत जायचं. एकदम उडी मारली की कुठली तक्रार कुठल्या पायरीची ते कळत नाही. जँगो २.० पासून एक गोष्ट सक्तीची झाली आहे, ती मला मनापासून आवडते. एक टेबल दुसऱ्याशी जोडताना सांगावं लागतं, की मूळ नोंद गेली तर तिला जोडलेल्या नोंदींचं काय करायचं. आधी न सांगता चालायचं आणि न सांगणं म्हणजे सगळं सोबत पुसणं, असा अर्थ व्हायचा. आमच्या २०१६ च्या फाइलींमध्ये हे लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे २.२ वर पहिल्या झटक्याला त्या सगळ्या अडल्या. जुन्या फाइलींत पूर्वीचाच अर्थ हाताने लिहिला. पण चालू मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलांची आजची रचना सांगणाऱ्या कोडमध्ये, काय लिहायचं, यावर खोलीत चांगलीच चर्चा झाली. सभासद वारला, त्याचं खातं काढलं, तर त्याच्या नावच्या देणग्या? सेक्रेटरीकाका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “माणूस गेला म्हणून त्याने दिलेलं पुसायचं का?” आम्ही तिथे ‘प्रोटेक्ट’ लिहिलं. आता देणगी असलेलं खातं काढायला गेलं तर जँगोच अडवतो.

अशीच आणखी एक. सभासद आजीव आहे का, या कॉलममध्ये हो, नाही आणि माहीत नाही अशी तीन उत्तरं चालायची. त्याला नलबूलियनफील्ड म्हणत. जँगो ४.० ने तो प्रकार काढून टाकला. नव्या कोडमध्ये वापरलात तर साफ अडवतो. पण जुन्या मायग्रेशनच्या फाइलींत त्याचं नाव असेल, तर मात्र चालवून घेतो. त्या जुन्या फाइली वाचता याव्यात एवढ्यासाठीच त्याचा सांगाडा मूळ कोडमध्ये शिल्लक ठेवला आहे, आणि तसं तिथे लिहिलंही आहे. हा भाग मी त्या मुलाला मुद्दाम उघडून दाखवला. ज्यांनी हे बनवलं, त्यांना बडोद्यातल्या एका मंडळाची २०१६ ची फाइल ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी त्यांनी ती वाचता येईल अशी सोय ठेवली. हे वाचताना मला फार बरं वाटलं होतं. म्हणूनच असेल, त्या नवव्या ओळीला हात लावायला माझा जीव होईना.

त्या ओळीतल्या वेळेनेही आम्हाला घोळात घातलं. ‘लागू केलं’ या कॉलममध्ये होतं १७ ऑक्टोबर २०१८, १८ वाजून १४ मिनिटं. तो म्हणाला, संध्याकाळी सव्वासहाला कुणीतरी बसून केलंय. पण फाइलच्या नावात २३४२ होतं. नाव तयार होतं तेव्हा इथलं घड्याळ वापरलं जातं, आणि टेबलात वेळ जाते ती ग्रिनिचची. साडेपाच तास मिळवा: ११ वाजून ४४ मिनिटं. फाइल ११ वाजून ४२ ला तयार झाली आणि दोन मिनिटांनी लागू केली. मी फोनवर कॅलेंडर काढलं. २०१८ चा दसरा १८ ऑक्टोबरला होता. म्हणजे ही नवरात्राची शेवटची रात्र. बडोद्यात त्या रात्री पावणेबाराला सगळं गाव मैदानात असतं, गरब्याचा ठेका शिगेला पोचलेला असतो, घराच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. अशा वेळी कुणीतरी काळ्या पडद्यासमोर बसून आमच्या मंडळाच्या डेटाबेसमध्ये एक बदल करत होतं.

मग कुणी ते शोधायला वेळ लागला नाही. माझ्या आधी साइट सांभाळायची ती मुलगी तेव्हा कॉलेजात होती. आता बेंगळुरूला नोकरी करते. फोन केला. तारीख सांगितली तर आठवेना, नवरात्र म्हटल्यावर लगेच आठवलं. “हां मावशी, त्या आजी आल्या होत्या ना लेबल घेऊन!”

त्या वर्षी दिवाळी पहाटेच्या निमंत्रणांसाठी पत्त्यांची लेबलं पहिल्यांदाच साइटवरून छापली होती. सभासदांची नावं जुन्या अर्जांवरून एक्सेलमध्ये टंकून घेतली आणि एका स्क्रिप्टने एकदम डेटाबेसमध्ये ओतली. चाचणीची काही लेबलं कुणीतरी आसपासच्या घरी वाटून टाकली. त्यातली एक घेऊन एक आजी मंडळात आल्या. लेबलवर त्यांचं नाव अर्धवट होतं. इथे मी नाव बदलून लिहिते, घडण मात्र तशीच ठेवते: ‘सरस्वतीबाई त्र्यंबकराव ऊर्फ प्रमिला’, आणि पुढे आडनाव. छापलं होतं ते ‘सरस्वतीबाई त्र्यंबकराव ऊर्फ प्’. शेवटी पाय मोडलेला प आणि त्याला खेटून आडनाव. आजींनी आवाज चढवला नाही म्हणे. एवढंच म्हणाल्या, “अर्जावर तर मी पूर्ण लिहिलं होतं.”

आता यातला हिशेब बघा. जँगोच्या खात्यांमध्ये ‘फर्स्ट नेम’चा कॉलम तीस अक्षरांचा होता. सरस्वतीबाई त्र्यंबकराव ऊर्फ प्रमिला हे नाव आपण म्हणतो तेव्हा सोळा अक्षरं होतात. स, र, स्व, ती, असं बोटांवर मोजून बघा. पण डेटाबेस तसं मोजत नाही. त्याला काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा, अनुस्वार वेगळा. त्र्यं या एका अक्षराचे त्याच्या लेखी सहा तुकडे: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार. मधल्या मोकळ्या जागा धरून या नावाची लांबी पस्तीस भरते. तीस कुठे संपतात? ‘प’ आणि त्याच्या हलन्तावर. साइटवरून अर्ज भरला असता तर जँगोनेच सांगितलं असतं की नाव लांब होतंय. पण एकदम ओतणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ती तपासणी होत नाही. डेटाबेस पोस्टग्रेसचा असता तर त्याने सरळ नकार दिला असता. आमचं मायएसक्यूएल जुनं होतं, त्याचा कडक मोड बंद होता. त्याने तिसाव्या अक्षरावर नाव कापलं, एक बारीकशी सूचना कुठेतरी टाकली आणि पुढच्या ओळीला लागलं.

जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, लॉरेन्स नावाच्या गावातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मला आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. तिथल्या माणसांना पहिल्या नावासाठी तीस अक्षरं भरपूर. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आमच्याकडे बाईचं पूर्ण नाव अर्जावर लिहायचं म्हणजे सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, ऊर्फ, आणि मग माहेरचं. सगळ्यात शेवटी जे येतं तेच कापलं जाणार. यादी मी नंतर नीट पाहिली तेव्हा हे लक्षात आलं. पुरुषांची नावं फारशी कापली गेलीच नव्हती. ऊर्फ लिहिणाऱ्या बायकांचीच गेली होती, आणि त्यांचा जो भाग गेला तो त्यांना जन्मल्यावर बाराव्या दिवशी मिळालेला.

हे लिहिताना रावपुऱ्याचा टॉवर आठवतो. लहानपणापासून त्याच्याखालून शेकडो वेळा गेले असेन. १८९६ मध्ये बांधलेला, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीच्या स्मरणार्थ. म्हणून चिमणाबाई टॉवर. या राणीसाहेब तंजावरच्या, माहेरच्या लक्ष्मीबाई. १८८५ मध्ये त्या गेल्या. नंतर महाराजांचं दुसरं लग्न झालं, ते घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी, आणि त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं गेलं. आता इतिहास लिहिणाऱ्यांना पहिल्या आणि दुसऱ्या असं म्हणावं लागतं. स्वतः महाराजांचंही नाव बदललं: कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक आले आणि सयाजीराव झाले. पण गोपाळराव हे नाव बडोद्यातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतं. लक्ष्मीबाई आणि गजराबाई किती जणांना ठाऊक असतील? मला स्वतःला मोठेपणी वाचून कळलं. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर, तिच्या ट्रंकेतल्या एका पत्रावरून कळलं. आयुष्यभर तिला आम्ही एकाच नावाने ओळखलं आणि ते नाव तिला सोळाव्या वर्षी दिलेलं होतं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून.

म्हणून त्या मुलीने त्या रात्री काय केलं ते ऐकताना मला भरून आलं. ती म्हणाली, कॉलम मोठा करायचा एवढंच डोक्यात होतं, लेबलं दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती. शोधून शोधून तीन ओळी सापडल्या. त्या आमच्या मॉडेलच्या फाइलमध्ये टाकल्या: पहिल्या नावाची मर्यादा शंभर. मग मायग्रेशन तयार करायची आज्ञा दिली, लागू केली, आजींचं नाव हाताने पूर्ण टंकलं, एक लेबल छापून बघितलं, आणि ओढणी घेऊन धावत मैदानावर गेली. शेवटचा अर्धा गरबा मिळाला. “माझं काही बिघडलं का मावशी?” तिने घाबरून विचारलं. तिचं काहीच बिघडलं नव्हतं. ज्या गोष्टीची गरज होती ती तिने ओळखली होती आणि केली होती. खातं जँगोचं, म्हणून बदलाची फाइल जँगोने स्वतःच्याच फोल्डरमध्ये, बाहेरून बसवलेल्या सामानाच्या आत लिहिली. ते सामान आपल्या कोडमध्ये नसतं. जुन्या सर्व्हरवर ते होतं तोवर सगळं चाललं. नंतर समित्यांचं टेबल केलं, ते जँगोच्या ‘ग्रुप’ला जोडलं, तेव्हा जँगोने ऑथमधली सगळ्यात शेवटची फाइल कुठली ते पाहिलं आणि ‘हिच्यानंतर’ असं लिहून ठेवलं. नव्या सर्व्हरवर नवं सामान आलं, त्यात ती फाइल नव्हती. आठवण ठेवणारी एकटी ती टेबलातली ओळ उरली होती.

पुढच्या रविवारी दुरुस्तीला बसलो. समितीच्या फाइलमध्ये नववीऐवजी आठवीचं नाव घातलं आणि वर मराठीत चार ओळी लिहिल्या: कुणी, कधी, कशासाठी मर्यादा वाढवली होती आणि हा उल्लेख का बदलला. मॉडेलमधल्या तीन ओळी काढल्या, नाहीतर त्यांनी पुन्हा तसलीच एक फाइल त्याच जागी लिहिली असती. हे सगळं आधी डेटाबेसच्या प्रतीवर. मायएसक्यूएलवर काम करणाऱ्याने प्रतीवर सराव केल्याशिवाय खऱ्याला हात लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. पोस्टग्रेसमध्ये मायग्रेशन मध्येच फसलं तर सगळं मागे फिरतं. मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलली की बदलली. त्याच दिवशी याचा अनुभव आला. त्या मुलाने फोन नंबरचा नवा कॉलम आणि पावती क्रमांक दुबार येऊ नये अशी अट, असं दोन्ही एकाच फाइलमध्ये लिहिलं होतं. कॉलम झाला, अटीवर अडलं, कारण जुन्या पावत्यांमध्ये खरोखरच दुबार क्रमांक निघाले. ते मार्गी लावून परत चालवलं तर ‘हा कॉलम आधीच आहे’. अर्धं झालेलं, आणि नोंद शून्य. अशा वेळी ‘फेक’ म्हणून एक सोय असते: काम न करता फक्त झालं अशी नोंद करते. तो तेच करायला निघाला होता. केलं असतं तर टेबलात ओळ आली असती आणि अट कधीच लागली नसती, आणि दोन वर्षांनी कुणीतरी डोकं धरून बसलं असतं. आम्ही तो कॉलम हाताने काढला आणि फाइल पहिल्यापासून चालवली. कॉलम कोराच होता, त्यामुळे गेलं काहीच नाही. दोन कामं दोन फाइलींत हवीत, हे त्याने स्वतःहून म्हटलं.

त्यानंतर ऑथच्या राहिलेल्या चार ओळी एकामागून एक हिरव्या होत गेल्या. शेवटची होती बारावी. तिचं नाव मी दोनदा वाचलं. जँगो ३.१ ने, २०२० मध्ये, पहिल्या नावाची मर्यादा तीसवरून दीडशे केली, सगळ्या जगासाठी. बडोद्यातल्या एका मुलीने नवरात्राच्या रात्री जे आपल्यापुरतं केलं होतं, ते दोन वर्षांनी मूळ सामानातच आलं. मी तिला लगेच फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता, मग ती म्हणाली, “म्हणजे मी बरोबर होते ना?” होतीसच, मी म्हटलं.

त्या नवव्या ओळीचं काय केलं ते सांगायचं राहिलं. ठेवली. जँगोला तिचा त्रास होत नाही. जिची फाइल नाही अशी ओळ तो मुकाट्याने वगळतो. ४.१ पासून अशा ओळी काढायची ‘प्रून’ नावाची सोयही आली आहे, आणि ती वापरावी म्हणून तो मुलगा अजून माझ्या मागे आहे. त्याचा मुद्दा असा, की उद्या मी नसेन, तो नसेल, तिसऱ्याच कुणाला ही ओळ दिसेल आणि त्याचा दिवस वाया जाईल. यात तथ्य आहे. म्हणूनच समितीच्या फाइलवर मराठीत लिहून ठेवलं. तरी तो म्हणतो, लोक फाइल वाचत नाहीत मावशी. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

पण ज्या गोष्टीवर एकमत झालं ती जास्त महत्त्वाची होती आणि ती त्यालाच सुचली. कॉलम दीडशेचा झाला म्हणून कापलेली अक्षरं परत येत नाहीत. २०१८ मध्ये आजींचं नाव दुरुस्त झालं, बाकीच्यांची यादी त्या मुलीने करायला घेतली होती, मग परीक्षा आल्या, मुलाखती आल्या आणि ती गावाबाहेर गेली. त्याने एक साधा प्रश्न डेटाबेसला विचारला: ज्यांच्या पहिल्या नावाची लांबी बरोबर तीस आहे असे सभासद कोण? पडद्यावर जी यादी आली ती बघून दोघेही गप्प झालो. ‘ऊर्फ म’. ‘ऊर्फ सुश’. ‘ऊर्फ’, आणि पुढे काहीच नाही. एकीत तर ‘ऊ’ वरच संपलेलं.

कपाटातले जुने अर्ज काढले. काहींचे मिळाले, शाई फिकट झालेली पण वाचता येते. सुरेख वळणाचं अक्षर, नाव लिहिताना घाई न केलेलं. काहींचे पावसाळ्यात भिजून चिकटले आहेत, ते उलगडत नाहीत. उरलेल्यांना आम्ही फोन लावतोय. बहुतेक ठिकाणी मुलगा किंवा सून उचलते. आईंचं माहेरचं नाव काय, असं विचारलं की पलीकडून पहिल्यांदा “कशाला?” येतं, मग “थांबा हं, विचारून सांगतो” येतं. एका घरी मुलगा साठीचा, त्याला माहीत नव्हतं आणि विचारायला आई राहिली नव्हती. त्याने मामेभावाला फोन करून दोन तासांनी कळवलं, आणि कळवताना त्याचा आवाज वेगळा होता. काही ठिकाणी त्या स्वतःच फोनवर येतात. एक बाई नाव सांगून थांबल्या, आणि मग म्हणाल्या, “सुशीला. शहामृगातला श, आणि शी दीर्घ. लिहा नीट.” मी लिहिलं आणि त्यांना परत वाचून दाखवलं.

दांडिया बाजारातली घरं झाली आहेत. रावपुऱ्यातली चालू आहेत, बाबाजीपुरा पुढच्या रविवारी. परदेशी गेलेल्यांचे नंबर सेक्रेटरीकाका मिळवतायत. यंदाची लेबलं यादी पूर्ण झाल्याशिवाय छापायची नाहीत, असं कार्यकारिणीत मी मांडलं आणि ते मंजूर झालं आहे.